विश्लेषण : स्त्रियांना कॉर्सेटमधून सोडवणारा ‘फॅशनचा राजा’ स्वतःचं नाव का गमावून बसला? कोण होते पॉल प्वारे?

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये उंची कपड्यांचं एक नवं दुकान उघडलं. नाव होतं ‘पासी १०-१७’. पासी हे टेलिफोन एक्सचेंजचं नाव आणि पुढचे आकडे हा दुकानाचा नंबर. थोडक्यात, मालकाने दुकानाला आपला फोन नंबरच नाव म्हणून दिला होता.

ही जाहिरातीची शक्कल नव्हती. मालकाला स्वतःचं नाव दुकानावर लावता येत नव्हतं. ते नाव आता दुसऱ्यांच्या मालकीचं होतं.

हे मालक म्हणजे पॉल प्वारे. जेमतेम वीस वर्षांपूर्वी अमेरिकेने त्यांना ‘फॅशनचा राजा’ म्हटलं होतं. युरोपातल्या श्रीमंत बायकांनी काय घालायचं, कोणता रंग निवडायचा, घरात कोणता गालिचा टाकायचा आणि अंगाला कोणतं अत्तर लावायचं, हे त्या काळी ते ठरवत असत. आज शनेल, दिओर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. प्वारे हे नाव मात्र फॅशन शिकणाऱ्यांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

छत्रीच्या दुकानातल्या चिंध्या

प्वारे यांचा जन्म २० एप्रिल १८७९चा, पॅरिसमधला. वडिलांचं ले हाल या बाजारपेठेच्या भागात कापडाचं दुकान होतं. मुलाला शिस्त लागावी म्हणून त्यांनी त्याला एका छत्री बनवणाऱ्याकडे कामाला लावलं. सामान पोचवणं, झाडलोट करणं अशी पडेल ती कामं असत. पॉल तिथून छत्रीच्या रेशमाचे उरलेले तुकडे घरी आणायचा आणि एका छोट्या लाकडी बाहुलीला गुंडाळून त्यांचे पोशाख करायचा.

पुढची सगळी कारकीर्द त्या बाहुलीत दिसते. प्वारे हे सुईदोऱ्याचे कारागीर कधीच नव्हते. कापड अंगावर टाकायचं, ते कसं पडतं ते पाहायचं आणि मग कात्री लावायची, ही त्यांची पद्धत.

१८९८च्या सुमारास त्यांनी काढलेली काही चित्रं मादाम शेरुई यांच्या फॅशन हाऊसने विकत घेतली. मग जाक दुसे या नामवंत डिझायनरकडे नोकरी मिळाली. तिथे त्यांनी केलेल्या लाल कापडाच्या एका केपच्या ४०० प्रती विकल्या गेल्या. विशीतल्या पोरासाठी ही कमाल होती.

लष्करी सेवा उरकून १९०१मध्ये ते वर्थ यांच्याकडे गेले. वर्थ म्हणजे पॅरिसमधलं सर्वांत मानाचं घराणं, राण्या आणि राजकन्यांचे कपडे करणारं. घराण्याची सूत्रं दोन भावांकडे होती. त्यातल्या व्यवहार पाहणाऱ्या गास्तों वर्थ यांना काळ बदलतोय हे कळत होतं. बायका आता बसने फिरतात, पायी चालतात, तेव्हा त्यांना रोजचे साधे कपडेही हवेत, म्हणून त्यांनी प्वारे यांना घेतलं. डिझाइन पाहणाऱ्या दुसऱ्या भावाला, जाँ यांना, हे अजिबात पसंत नव्हतं. प्वारे यांनी किमोनोच्या धर्तीवर केलेला एक सैलसर कोट पाहून एक रशियन राजकन्या इतकी संतापली की तिने तो थेट गोणत्यात काढला. १९०३मध्ये प्वारे बाहेर पडले आणि ऑपेराजवळच्या ओबेर रस्त्यावर स्वतःचं दुकान मांडलं. दर्शनी खिडक्या ते अशा सजवत की येणारे-जाणारे थबकत. रेजान ही त्या काळची मोठी अभिनेत्री गिऱ्हाईक झाली आणि दुकानाचं नाव झालं.

कॉर्सेट काढलं म्हणजे नेमकं काय केलं?

त्या काळी युरोपातल्या प्रतिष्ठित स्त्रिया घट्ट कॉर्सेट घालत. व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या किंवा पोलादी पट्ट्या घातलेला हा पोटपट्टा मागून दोऱ्यांनी आवळला जाई. १९००च्या आसपासच्या कॉर्सेटमुळे छाती पुढे आणि नितंब मागे ढकलले जात. बाजूने पाहिलं तर बाईचं शरीर इंग्रजी एस अक्षरासारखं दिसे.

१९०६च्या सुमारास प्वारे यांनी हा पिंजरा काढून टाकला. कंबरेची रेषा छातीच्या खाली नेली आणि तिथून कापड सरळ खाली सोडलं. दिसायला हा फॅशनमधला बदल, पण खरा फरक रचनेत होता. इंजिनीअरिंगला असताना आम्हाला कोणताही सांगाडा पाहिला की आधी भार कुठून कुठे जातो ते काढायला लावत. तोच प्रश्न इथे विचारला की गोष्ट स्पष्ट होते. जुन्या पोशाखाचा सगळा भार कंबरेवर होता, प्वारे यांनी तो खांद्यांवर नेला. कंबर आवळायची गरजच उरली नाही. शिवाय बारीकसारीक तुकडे कापून शरीराला चिकटवण्याऐवजी ते सरळ कापलेले मोठे आयताकृती तुकडे वापरू लागले. साडी, धोतर, उपरणं यांची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. पॅरिसला ते वाटलं.

याचं सगळं श्रेय एकट्या प्वारे यांना देता येत नाही. मादलेन व्हिओने यांनीही दुसे यांच्याकडे असताना जवळपास त्याच काळात कॉर्सेटशिवायचे पोशाख केले होते. वैद्यकीय कारणांसाठी कॉर्सेटला विरोध करणाऱ्या चळवळीही त्याआधीपासून होत्या. प्वारे यांच्याकडे जास्तीचं होतं ते आपलं काम गाजवण्याचं कसब.

त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे दनीज बुले. नॉर्मंडीतल्या कापड कारखानदाराची ही मुलगी. १९०५मध्ये दोघांचं लग्न झालं. दनीज सडपातळ होत्या. तेव्हाच्या भरलेल्या अंगाच्या सौंदर्याच्या कल्पनेत त्या बसत नव्हत्या. प्वारे यांनी पोशाख आधी त्यांच्यावर करून पाहिले आणि मग जगाला विकले. विसाव्या शतकातली सडसडीत, सरळ बांध्याची स्त्री ही फॅशनची कल्पना बऱ्याच अंशी दनीज यांच्या अंगावर आकाराला आली.

लंडनच्या संग्रहालयातले फेटे

रंगांच्या बाबतीतही प्वारे यांनी बंडच केलं. फिकट जांभळा, फिकट निळा, पेंढ्यासारखा पिवळा अशा मवाळ रंगांना पॅरिस तेव्हा अभिरुची समजत असे. प्वारे यांनी लालभडक, हिरवा, नारिंगी, गडद जांभळा हे रंग एकमेकांशेजारी आणून ठेवले.

इथे भारताचा संबंध येतो. लंडनला गेले असताना साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, त्यांनी भारतीय फेट्यांचा संग्रह पाहिला. ते इतके भारावले की पॅरिसहून आपल्या मुख्य कारागीर बाईंना बोलावून घेतलं, फेटे जवळून पाहायची परवानगी काढली आणि त्यांचे घाट उतरवून घेतले. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या बायका डोक्याला फेट्यासारखं कापड बांधून त्यावर पिसं खोचू लागल्या.

मात्र भारत, इराण, तुर्कस्तान, चीन, जपान हे सगळं त्यांच्या लेखी एकच ‘पूर्व’ होती. कोणता फेटा कुठला, तो कोण आणि कधी बांधतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. शिवाय ते फेटे लंडनच्या काचेच्या कपाटात पोचले होते ते साम्राज्यामुळेच. आज कुणी असं केलं तर सोशल मीडियावर दोन दिवस वाद पेटेल, आणि तो अगदीच विनाकारण नसेल.

सोन्याचा पिंजरा

२४ जून १९११ची रात्र. प्वारे यांनी आपल्या वाड्यात ३०० पाहुण्यांना बोलावलं. मेजवानीचं नाव होतं ‘हजार दुसरी रात्र’. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून आपण ज्या वाचतो, त्या गोष्टी हजार एक रात्रींत संपतात. ही त्यापुढची रात्र.

पाहुण्यांनी पौर्वात्य वेशात यायचं ही अट होती. जो साध्या कपड्यांत येईल त्याच्यापुढे दोनच पर्याय : तिथे ठेवलेले, प्वारे यांनीच केलेले इराणी कपडे चढवायचे किंवा घरी जायचं. बागेत पोपट, माकडं, गालिचे, दिवे. प्वारे स्वतः सुलतान झाले होते, अंगात झगा, डोक्याला फेटा, हातात चाबूक. आणि दनीज होत्या एका सोनेरी पिंजऱ्यात. पाहुणे जमल्यावर सुलतानाने पिंजरा उघडला आणि त्या बाहेर आल्या. अंगावर घोळदार पायजमा आणि त्यावर तारेचा गोल काठ असलेला, लॅम्पशेडसारखा आखूड अंगरखा.

हाच अंगरखा दोन वर्षांनी ‘मिनारे’ नावाने बाजारात आला आणि गाजला. म्हणजे मेजवानी हा फॅशन शोच होता आणि पाहुणे त्याचे प्रचारक.

पण तो पिंजरा डोक्यातून जात नाही. बाईला मोकळं केलं असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाने बायकोला पिंजऱ्यात बसवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली, खेळातच का होईना. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१०मध्ये, त्यांच्याच नावाशी जोडला गेलेला ‘हॉबल स्कर्ट’ आला होता. घोट्यापाशी इतका अरुंद की धड पाऊल टाकता येत नसे. हॉबल म्हणजे जनावराचा पायबंद. कंबर सोडवली आणि पाय बांधले, हे प्वारे यांनी स्वतःही मान्य केलं होतं, आणि त्यात त्यांना फारसं काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

दुसरीकडे त्यांच्या घोळदार पायजम्यांनी उलटाच गहजब केला. बाईने पॅन्टसारखं काही घालणं तेव्हा निर्लज्जपणाचं मानलं जाई. १९११मध्ये असे पोशाख घालून पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतींना गेलेल्या मॉडेल्सची गर्दीने हुर्यो उडवली होती.

इन्फ्लुएन्सर मार्केटिंग, शंभर वर्षांपूर्वी

आज फॅशन ब्रँड जे जे करतात त्यातलं बरंचसं प्वारे यांनी आधी करून पाहिलं होतं.

१९०८मध्ये त्यांनी पॉल इरिब या तरुण चित्रकाराकडून आपल्या पोशाखांचा अल्बम काढून घेतला. साच्यातून हाताने रंगवलेल्या त्याच्या फक्त २५० प्रती होत्या. १९११मध्ये जॉर्ज लपाप यांचा दुसरा अल्बम आला. त्याच वर्षी एडवर्ड स्टायकन यांनी प्वारे यांच्या गाउन्सचे फोटो काढले. आधुनिक फॅशन फोटोग्राफीची सुरुवात अनेक अभ्यासक तिथून धरतात. पुढे प्रसिद्ध झालेले चित्रकार राउल द्युफी यांना त्यांनी कापडावर छपाई करण्यासाठी छोटा कारखाना काढून दिला. स्वतःच्या मॉडेल्स घेऊन ते युरोपातल्या राजधान्यांचा दौरा करत थेट मॉस्कोपर्यंत गेले.

वादही त्यांच्या पथ्यावरच पडत. १९०९मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या पत्नी मार्गो अॅस्क्विथ यांनी त्यांच्या कपड्यांचं प्रदर्शन थेट १०, डाउनिंग स्ट्रीटवर भरवलं. ब्रिटिश व्यापार सोडून सरकारी घरात फ्रेंच माल, यावरून वर्तमानपत्रांनी ‘गाउनिंग स्ट्रीट’ म्हणून टर उडवली. प्वारे यांना याहून मोठी जाहिरात कोणती मिळणार!

१९११ सालीच त्यांनी दोन उद्योग काढले. एकाचं नाव मोठ्या मुलीचं, ‘रोझीन’, तर दुसऱ्याचं धाकटीचं, ‘मार्तीन’. मार्तीन ही शाळा होती. गरीब वस्तीतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींना तिथे घेत आणि चित्रकलेचे नियम न शिकवता बागेत, प्राणिसंग्रहालयात नेऊन हवं ते काढू देत. त्या चित्रांचे पडदे, गालिचे, भिंतीचे कागद होत. मला विचाराल तर प्वारे यांच्या सगळ्या उद्योगांत हा सर्वांत देखणा.

रोझीन होतं अत्तराचं. स्वतःची अत्तराची कंपनी काढणारे ते पहिले मोठे फॅशन डिझायनर. शनेलचं ‘नंबर ५’ यायला अजून दहा वर्षं होती. पण एक फरक पुढे महागात पडला. प्वारे यांनी अत्तराला आपलं नाव दिलं नाही. बाटलीवर नाव रोझीनचं होतं. कपड्यांची कीर्ती अत्तराला आणि अत्तराचा पैसा कपड्यांना असा जो फिरता व्यवहार पुढे सगळ्या ब्रँडना तारत आला, त्यातला दुवाच इथे निसटला.

१९१३मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर नावाची किंमत त्यांना वेगळ्या प्रकारे कळली. तिथल्या दुकानांत त्यांचं खोटं लेबल लावलेले कपडे सर्रास विकले जात होते. चिडलेल्या प्वारे यांनी परतल्यावर इतर डिझायनरांना एकत्र केलं आणि १९१४मध्ये नकलांविरुद्ध लढणारी संघटना उभी राहिली. नावाची चोरी रोखायला निघालेल्या या माणसाच्या हातून तेच नाव पुढे कायदेशीरपणे गेलं.

मग बिघडलं कुठे?

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि प्वारे यांना लष्करात शिंपीकामाकडे लावण्यात आलं. कमी कापडात होणारा सैनिकी ओव्हरकोट त्यांनी बेतून दिला. त्यांचं दुकान जवळपास बंदच होतं. युद्धाच्या वर्षांत रोझीन आणि मुलगा गास्पार आजारपणात गेले.

१९१८नंतरचं जग वेगळं होतं. बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत काम करून आल्या होत्या. त्यांना सहज घालता-काढता येतील असे कपडे हवे होते. कोको शनेल यांनी होजियरीच्या साध्या जर्सी कापडाचे सुटसुटीत कपडे आणले आणि १९२६मध्ये गाजलेला छोटा काळा ड्रेस. प्वारे यांच्या लेखी ही श्रीमंतांनी पांघरलेली गरिबी होती. गंमत अशी की खांद्यावरून सरळ सुटणारा, कॉर्सेट नसलेला तो साधा आकार त्यांनीच रूढ केला होता. शनेल यांनी त्यावरची पिसं, जर आणि झालर काढली, इतकंच. स्वतःच्याच शोधाचा पुढचा टप्पा प्वारे यांना ओळखता आला नाही.

खर्चाला तर धरबंधच नव्हता. युद्धानंतर बागेत ‘ओॲसिस’ नावाचं नाट्यगृह काढलं. पॅरिसबाहेर मेझी इथे रॉबेर माले-स्तेव्हाँस या आधुनिक वास्तुविशारदाकडून काँक्रीटचा पांढराशुभ्र बंगला बांधायला घेतला. पैसे संपले आणि तो अर्धवट राहिला. नवे गुंतवणूकदार आले, पण त्यांच्याबरोबर हिशेब तपासणारेही आले. एका पोशाखाला किती कापड लागलं हे विचारलेलं प्वारे यांना खपत नसे.

१९२५मध्ये पॅरिसला सजावटी कलांचं जंगी प्रदर्शन भरलं. ‘आर्ट डेको’ हे नाव पुढे त्यावरूनच पडलं. प्वारे यांनी तिथे सेन नदीत तीन नौका सजवून उभ्या केल्या : ‘आमूर’, ‘देलीस’ आणि ‘ऑर्ग’. प्रेम, आनंद आणि ऑर्गन वाद्य असे हे तीन शब्द. फ्रेंचमध्ये हे तिन्ही शब्द एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी असतात, एवढीच त्यातली कोटी. एका नौकेवर उपाहारगृह, एकीत मार्तीनची सजावट, एकीत द्युफी यांचे रंगवलेले पडदे. खर्च स्वतःच्या खिशातून झाला आणि त्यातून ते सावरले नाहीत. त्याच वर्षी त्यांना आपला चित्रसंग्रह विकावा लागला.

१९२८मध्ये दनीज यांच्याशी घटस्फोट झाला. १९२९मध्ये प्वारे यांचं फॅशन हाऊस बंद पडलं. उरलेला माल चिंध्यांच्या भावाने किलोवर विकला गेला.

नाव कंपनीकडे होतं, म्हणून पुन्हा उभं राहताना फोन नंबर लावावा लागला. शनेल यांचाही व्यवहार निर्दोष नव्हता. १९२४मध्ये अत्तराच्या कंपनीत त्यांनी स्वतःकडे जेमतेम १० टक्के हिस्सा ठेवला आणि पुढे वर्षानुवर्षं भागीदारांशी भांडत बसल्या. पण बाटलीवर नाव शनेलचंच राहिलं.

शेवटची वर्षं

‘पासी १०-१७’ फार चाललं नाही. मोठ्या दुकानांसाठी त्यांनी काही काळ डिझाइन करून पाहिलं, तेही टिकलं नाही. पण हा माणूस गप्प बसणारा नव्हता. स्वयंपाकाची हौस इतकी की १९२८मध्ये त्यांनी पाककृतींचं पुस्तक काढलं होतं. लेखिका कोलेत यांच्यासोबत रंगमंचावर कामही केलं होतं. १९३०मध्ये आलेलं त्यांचं आत्मचरित्र खूप वाचलं गेलं, मात्र त्यातला बडेजाव वजा करूनच ते वाचावं लागतं. अखेरच्या काळात ते चित्रं काढत राहिले.

उमेदीच्या काळात त्यांनी एल्सा स्कियापारेली नावाच्या एका अनोळखी तरुणीला, ती विकत घेऊ शकत नाही हे ओळखून, आपला कोट आणि नंतर आणखी कपडे देऊन टाकले होते. तीच १९३०च्या दशकात पॅरिसमधली आघाडीची डिझायनर झाली. प्वारे तेव्हा त्याच शहरात कर्जात जगत होते.

एप्रिल १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. शहर मुक्त व्हायला चार महिने होते. युद्धाच्या धामधुमीत फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्यांचं नाव पुढेही हातोहात विकलं जात राहिलं. एका दक्षिण कोरियन कंपनीने ते घेतलं आणि २०१८मध्ये पॅरिस फॅशन वीकमध्ये ‘प्वारे’ या नावाने पुन्हा कपडे दाखवले गेले. तोही प्रयोग अल्पायुषी ठरला.

कपडे मात्र वाचले ते दनीज यांच्यामुळे. लग्नाच्या तेवीस वर्षांत नवऱ्याने आपल्या अंगावर बेतलेले अंगरखे, कोट, पायजमे, फेटे, बूट हे सगळं त्यांनी घटस्फोटानंतरही जपून ठेवलं. २००५मध्ये पॅरिसमध्ये त्या कपाटाचा लिलाव झाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यातले अनेक पोशाख घेतले आणि २००७मध्ये प्वारे यांच्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. तिथल्या पुतळ्यांची मापं दनीज यांच्या सडपातळ बांध्याची होती.